टाक्यांचा हिशेब
दुर्गदबैलातील एका विणकाम-नमुनेकाराचे वर्षाखेरचे चिंतन

यंदाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा प्रथम आम्हांस संकोचच वाटला. कापूस, सूत, धान्य, सोनेचांदी, भांडी अशा भक्कम धंद्यांत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्या पंक्तीस बसून लोकरीचे स्वेटर आणि बाळांची टोपडी विणवून घेणाऱ्याने काय बोलावे? परंतु मंडळींचा आग्रह पडला, आणि आमच्याही मनात यंदा एक गोष्ट घोळत होती. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात जुनी वही मिटताना ती अधिकच टोचू लागली. व्यापाऱ्याने आपली टोचणी व्यापाऱ्यांपुढेच मांडावी, या भावनेने हा लेख लिहीत आहोत.

परगावचे मराठी पाहुणे 'दुर्गदबैल' हे नाव ऐकून येथे गुरांचा बाजार भरत असावा असे समजतात. कन्नड भाषेत 'बैलु' म्हणजे मोकळी जागा, मैदान. दुर्गाचे मैदान ते दुर्गदबैल. आता मैदान नावापुरतेच उरले आहे. दिवसा बांगड्या, कापड, भांडी आणि भाजी यांची दाटी, आणि दिवेलागणीनंतर गिरमिट व मिर्ची भज्यांच्या गाड्यांभोवती लोटणारी गर्दी, हे तेथील रूप आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. या गर्दीच्या एका कडेला, जिना चढून गेल्यावर लागणाऱ्या लहानशा खोलीत, आमचे नमुने जन्मास येतात. खाली विक्री आणि वर विणकाम, अशी आमच्या मातोश्रींच्या काळापासूनची मांडणी आहे.

आमचा धंदा म्हणजे काय

'नमुनेकार' म्हणजे नेमके काय करणारा, असे पुष्कळदा विचारले जाते. कापड विणण्यात उभा धागा आणि आडवा धागा असे दोन धागे एकमेकांत गुंततात. सुयांवरच्या विणकामात एकच धागा स्वतःच्याच फासांतून ओवला जातो. म्हणून मागावरचे कापड ताठ राहते आणि विणलेला स्वेटर अंगाबरोबर ताणतो व पुन्हा आवळतो. सगळे विणकाम सुलटा आणि उलटा या दोन टाक्यांवर उभे आहे. जाळी, वेणी, दाणे, पट्टी, हे सारे त्या दोहोंचेच संसार. कोणत्या ओळीत कोणता टाका, मुंढ्यापाशी किती टाके कमी करावयाचे, गळा किती उतरावयाचा, बाही कोठे निमुळती करावयाची, हे आधी कागदावर चौकटी आखून ठरवावे लागते. हे ठरविणारा तो नमुनेकार.

या कामाचा पाया म्हणजे मोजणी. नेहमीच्या मध्यम जाडीच्या लोकरीत दहा सेंटिमीटर रुंदीत साधारण २२ टाके आणि तितक्याच उंचीत ३० ओळी बसतात. या मापाने शंभर सेंटिमीटर छातीचा, पूर्ण बाह्यांचा स्वेटर घेतला, तर पाठ, पुढा आणि बाह्या मिळून सुमारे ६० हजार टाके होतात. सरावाचा हात मिनिटास २५ टाके घालतो असे धरले, तरी ते ४० तासांचे काम झाले. दिवसाकाठी स्वयंपाकपाणी, मुलेबाळे, पाहुणेरावळे सांभाळून दोन-तीन तास सुया हाती धरणाऱ्या गृहिणीचे हे पंधरा ते वीस दिवस होत.

हा हिशेब आम्ही पहिल्यांदा मांडला तो यंदाच्या श्रावणात. इतकी वर्षे आम्ही टाके मोजून नमुने बसविले. विणणाऱ्या हातांचे टाके मात्र मोजले नाहीत. ते मोजावयास लावले एका म्हाताऱ्या मावशींनी.

बारीक लोकरीची लच्छी

आमच्याकडे विणणाऱ्या भगिनी दहा-बारा घरांतून पसरलेल्या आहेत. कुणी जुन्या हुबळीत, कुणी दाजीबान पेठेकडे. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा त्यांच्या घरांत चालतात; सुयांची भाषा एकच. आम्ही लोकर आणि नमुन्याचा कागद देतो, त्या घरी विणून आणतात, आणि तयार नगाचे वजन करून मजुरी दिली जाते. पूर्वी ही मजुरी औंसावर ठरे, आता शंभर ग्रॅमवर. ही पद्धत आम्ही काढलेली नव्हे; लोकर वजनावर विकत घेतली जाते, म्हणून विणकामही वजनावर, इतका साधा तो विचार होता. वजनकाट्यात लबाडी नाही, तेव्हा व्यवहार चोख आहे, अशी आमची समजूत होती.

श्रावणात एका बाळंतविड्याचे काम आले. टोपडे, स्वेटर, पायमोजे आणि आईसाठी एक बारीक लोकरीचे जाकीट. आमच्या सर्वांत जुन्या मावशींना आम्ही ते देऊ केले. त्यांचा हात असा, की पाठीमागची बाजू कोणती हे ओळखू येऊ नये. त्यांनी लच्छी हातात घेतली, दोन बोटांत धागा फिरवून पाहिला आणि परत ठेवली.

"अण्णा, ही बारीक लोकर नको बघा. मला जाडच द्या."

"मावशी, डोळ्यांना त्रास होतो का?"

"डोळ्यांचं काय नाही हो. बारीक विणलं की काटा वर येत नाही."

प्रथम आम्हांस अर्थबोध झाला नाही. मावशी गेल्यावर कागद घेऊन बसलो. बारीक लोकरीत दहा सेंटिमीटरात २८ टाके आणि ३८ ओळी बसतात; म्हणजे तेवढ्याच चौरसात १,०६४ टाके. मध्यम लोकरीत तेच २२ गुणिले ३०, म्हणजे ६६०. त्याच मापाच्या जाकिटास बारीक लोकरीत टाके दीडपटीहून अधिक पडतात. ६० हजारांऐवजी ९५ हजारांच्या घरात. तासांच्या भाषेत ४० ऐवजी ६३. आणि वजन? ते उलट घटते. मध्यम लोकरीचा नग साडेचारशे ग्रॅम भरला तर बारीक लोकरीचा तीनशेच्या आसपास. काम दीडपट, मजुरी दोनतृतीयांश. टाक्यामागे पाहिले तर निम्म्याहूनही कमी!

काटा खरा होता, दर ठरलेला होता, पैसे रोख आणि वेळेवर दिले जात होते. तरीही व्यवहार खोटा होता. जी बाई अधिक कुशल, तिला आम्ही अधिक नाजूक काम देत होतो, आणि ते देऊन तिचे उत्पन्न कमी करीत होतो. बारीक विणकाम दुकानात अधिक किंमत आणी. ती अधिक किंमत कोणाच्या वहीत जमा होत होती, हे येथे निराळे सांगावयास नको.

त्यानंतर महिनाभरात पर्युषण आले. क्षमापनेच्या दिवशी आपण सगेसोयरे, आडते, गिऱ्हाईक, सर्वांना पत्रे धाडतो, हात जोडतो. त्या यादीत विणणाऱ्या घरांची नावे कधी नव्हती. यंदा आम्ही जुन्या हुबळीत मावशींच्या घरी स्वतः गेलो. त्यांनी चहा केला, आणि आमच्या बोलण्यावर इतकेच म्हणाल्या, "अण्णा, हिशेब तुमचा होता. आम्हांला काटा वाचता येत नव्हता असं नाही."

दूरदेशीचे दाखले

ही चूक आमच्या एकट्याची नव्हे, हे पुढे वाचन करताना ध्यानात आले. स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड नावाची बेटे आहेत. तेथील बारीक शाली आणि रंगीत स्वेटर जगप्रसिद्ध. इंग्लंडच्या युवराजाने १९२२ च्या सुमारास तेथल्या फेअर आयल बेटाच्या नमुन्याचा स्वेटर मिरविला आणि त्या नमुन्याला सर्वत्र मागणी आली. परंतु त्याच बेटांत एकोणिसाव्या शतकात विणणाऱ्या स्त्रियांना व्यापारी रोख पैसे देत नसत. शालीच्या बदल्यात चहा, कापड अशा वस्तू दुकानातूनच घ्याव्या लागत, त्याही दुकानदाराच्या भावाने. अखेर सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७२ साली त्याचा अहवाल आला. त्या व्यापाऱ्यांपैकी प्रत्येक जण लबाड असेल असे आम्हांस वाटत नाही. रीत पडून गेली होती, आणि रीतीला कुणी प्रश्न विचारीत नव्हते.

दुसरी कथा यंत्राची. इंग्लंडातील नॉटिंगहॅमशायरमधील विल्यम ली नामक धर्मोपदेशकाने १५८९ साली मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. आख्यायिका अशी, की राणी एलिझाबेथने त्यास हक्कपत्र नाकारले, कारण सुयांवर पोट भरणाऱ्या गरिबांचा घास जाईल. ली फ्रान्सला गेला आणि तेथेच मरण पावला. यंत्र मात्र मेले नाही. पुढे त्याच नॉटिंगहॅम प्रांतात १८११ साली विणकऱ्यांनी रात्री हातोडे घेऊन असली यंत्रे फोडली. त्यांचे गाऱ्हाणे यंत्राहून अधिक घटलेल्या मजुरीचे आणि हलक्या मालाचे होते. आज तिरुपूर आणि लुधियाना येथे होजिअरीची यंत्रे अखंड चालतात आणि लाखोंना काम देतात. यंत्राशी आमचे वैर नाही. यंत्र जे करते ते हाताने स्वस्त करून दाखविण्याचा हट्ट धरला, तर तो विणणाऱ्या बाईच्या जिवावर जातो, एवढेच आमचे म्हणणे.

दूर कशास, आपल्या हुबळीतच बेंगेरी येथे १९५७ साली स्थापन झालेला कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ आहे. राष्ट्रध्वज तेथे हातसुती खादीचा बनतो. धागा, विणावट, रंग, शिवण, सर्वांची काटेकोर तपासणी होते, आणि हे काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजासही मुभा मिळाली, आणि त्या हातांपुढे कठीण प्रश्न उभा राहिला. मोजून केलेल्या हातकामाची किंमत कोण देणार, हा तो प्रश्न. आमच्या माडीवरील प्रश्नही तोच, केवळ आकाराने लहान.

छंदांचे खाते

वर्षाचा आढावा घेताना केवळ दुखणीच सांगावीत असे नाही. धंद्याच्या तासांबाहेर मनाला विसावा देणारे आमचे दोन-तीन छंद आहेत, आणि खरे सांगावयाचे तर तेच धंद्याला पोसतात.

पहिला छंद कशिद्याचा. धारवाड भागाची 'कसुती' आपल्या घरोघरी इरकली लुगड्यांवर पाहावयास मिळते. गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर असे तिचे विषय. तिचे टाके चार: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. छाप किंवा आखणी न करता कापडाचे धागे मोजून ती भरली जाते. गाठ मारीत नाहीत, आणि गवंतीचे काम दोन्ही अंगांनी सारखे दिसते. जुन्या लुगड्यांच्या पदरांवरून हे नमुने चौकटीच्या वहीत उतरवून घेण्याचा नाद आम्हांस फार वर्षांचा आहे. धागे मोजणारी कसुती आणि टाके मोजणारे विणकाम या सख्ख्या बहिणी, तेव्हा एकीचे दागिने दुसरीला घालता येतील, असा आमचा तर्क.

तर्क चुकला नाही, मापे चुकली. यंदा एका जाकिटाच्या पाठीवर गोपुर विणविले, वहीत होते तसेच, तीस चौकटी रुंद आणि तीस उंच. विणून आले ते गोपुर कसले, बसका गोठा! कारण उघड होते, पण उशिरा सुचले. वहीतील चौकट चौरस असते. विणलेला टाका उंचीपेक्षा रुंद असतो. तीस टाक्यांची रुंदी साडेतेरा सेंटिमीटरांवर गेली आणि तीस ओळींची उंची दहाच भरली. सगळी पाठ उसवावी लागली. आता आम्ही दर तीन ओळींमागे एक ओळ वाढवितो, की गोपुर पुन्हा आपल्या उंचीस येते. गवंतीची केसासारखी रेघ मात्र विणकामात उतरत नाही. ती विणून झाल्यावर वरून सुईनेच भरावी लागते. नेगीचे भरीव नमुने दोन रंगांच्या लोकरीत उत्तम उतरतात. फेअर आयलच्या विणकऱ्या एका ओळीत दोनच रंग वापरतात. तो नियम पाळला की मागील धागे गुंतत नाहीत आणि बोटे अडकत नाहीत.

दुसरा छंद देवळांच्या दगडी नक्षीची चित्रे काढण्याचा. उणकलच्या चंद्रमौळीश्वराची नक्षी तर घरचीच. यंदा मार्गशीर्षात गदगच्या वाटेने लक्कुंडीस गेलो. दानचिंतामणी अत्तिमब्बेने इ. स. १००७ च्या सुमारास बांधविलेले ब्रह्म जिनालय पाहून दोन दिवसांत वहीची अकरा पाने भरली. तेथून डंबळला. डंबळच्या दोड्डबसप्पा मंदिराचा तलविन्यास चोवीस कोनांच्या तारकेचा आहे. भिंतीला प्रदक्षिणा घालताना कोन संपतच नाहीत. उन्हाची एक कड दुसऱ्या कडेवरून सरकत जाते. तेथे उभे असताना डोळ्यांपुढे एक गोल शाल उभी राहिली. तिचे पुढे सांगतो.

तिसरा छंद श्रवणाचा. धारवाड आकाशवाणी १९५० पासून या भागाच्या कानाशी आहे. गंगूबाई हनगल याच हुबळीत राहिल्या, आणि सवाई गंधर्वांचे कुंदगोळ येथून हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी नमुना आखताना विलंबित ख्याल लावून ठेवावा. समेवर येण्याची गवयाची घाई नसते, पण मात्रा एकही हुकत नाही. ओळीच्या अखेरीस टाके बरोबर भरले, की आम्हांसही समेवर आल्याचे समाधान होते.

चुकांचे खाते

गोपुराखेरीज यंदाच्या आणखी दोन चुका नोंदवून ठेवतो. नव्या मंडळींच्या उपयोगी पडतील.

एका मोठ्या मागणीत बाह्या एका खेपेच्या लोकरीच्या आणि पाठ दुसऱ्या खेपेची, असे झाले. लच्छ्यांवर रंगाचा क्रमांक एक, पण खेपेचा क्रमांक निराळा. दिव्याखाली फरक दिसेना. गिऱ्हाइकाने उन्हात धरताच दोन निळे निरनिराळे दिसले. पुरवठादाराकडे बोट दाखविणे सोपे होते, पण खेप तपासून घेण्याचे काम आमचेच होते. विणणाऱ्या घराचा त्यात काहीच दोष नव्हता. त्यांची मजुरी पूर्ण देऊन नग आम्ही पदरी घेतला.

दुसरी चूक शब्दाची. बाजारात ज्याला आपण सरसकट 'लोकर' म्हणतो, ते पुष्कळदा ॲक्रिलिक असते. ते टिकाऊ आहे, स्वस्त आहे, कसर लागत नाही, धुण्यास सोपे; त्यात कमीपणा नाही. परंतु गिऱ्हाईक मेंढीची लोकर समजून घेत असेल, तर मौन हीही लबाडीच. परीक्षा सोपी आहे: धाग्याचे टोक जाळून पाहावे. खऱ्या लोकरीस केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. यापुढे प्रत्येक नगाच्या चिठ्ठीवर धागा कशाचा, हे आम्ही लिहिणार आहोत.

येत्या वर्षाचे संकल्प

आता पुढे. पहिला संकल्प अर्थातच मजुरीचा. पाडव्याला वहीपूजन झाले तेव्हा नव्या वहीत आम्ही एक नवे खाते उघडले: 'टाके खाते'. प्रत्येक नमुन्याचे टाके आखतानाच मोजले जातात, तेव्हा तो आकडा चौकटीच्या कागदाच्या तळाशी लिहावयाचा, आणि मजुरी हजार टाक्यांच्या दराने द्यावयाची. जाळी आणि वेणी यांना सुया थांबतात, म्हणून त्यांस वेगळा, वाढीव दर. दर किती असावा, हे आम्ही एकट्याने ठरविले नाही. माडीवर सर्व भगिनींना बोलावून, त्यांच्यासमोर घड्याळ लावून विणून पाहिले आणि मग ठरविले. बारीक लोकरीचे ते जाकीट अखेर मावशींनीच विणले.

किमती यामुळे वाढल्या, हे लपविण्यात अर्थ नाही. आपल्याकडची थंडी म्हणजे दिवाळी ते संक्रांत, फार तर पावसाळ्यातील धारवाडी गारठा. त्या थोडक्या दिवसांत रस्त्याकडेला तिबेटी बंधुभगिनींची स्वेटरची दुकाने लागतात. १९६६ पासून मुंडगोडला त्यांची वसाहत आहे, आणि देश सोडून आलेल्या त्या कष्टाळू माणसांनी हा मोसमी धंदा प्रामाणिकपणे उभा केला आहे. त्यांच्याकडील यंत्रावर विणलेल्या मालाशी आमच्या हातविणीने किमतीत टक्कर देण्याचे कारण नाही. आमच्या नगास आम्ही एक चिठ्ठी जोडतो. तीत टाके किती आणि तास किती, हे असते. एका गृहस्थांनी चिठ्ठी वाचली, स्वेटर घडी करून परत ठेवला आणि निघून गेले. एका बाईंनी ती वाचून भाव करणे सोडले. कोणाची संख्या वाढेल, हे पुढील दिवाळीस कळेल. ही जोखीम आम्ही जाणून घेतली आहे.

दुसरा संकल्प कापसाचा. आमच्या या भागाची ओळख कापसाने झाली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन कापसाचे बी धारवाडच्या काळ्या मातीत रुजले आणि 'धारवाड-अमेरिकन' हे नाव दूरदेशीच्या बाजारांत पोहोचले. १९७२ साली येथील संशोधन केंद्रात डॉ. बी. एच. कटारकी यांनी 'वरलक्ष्मी' हा संकरित कापूस दिला. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने नैसर्गिक तपकिरी रंगाच्या कापसावरही काम केले आहे. त्याच्या धाग्यास रंगविण्याची गरज नाही. अशा सुताची उन्हाळी जाकिटे विणावीत, असा मानस आहे. अडचण अशी, की सुतास लोकरीसारखी लवचीकता नसते. विणलेले सुती वस्त्र स्वतःच्या भाराने खाली ओघळते. म्हणून लांबी आखूड धरावी, पट्टी बारीक सुयांवर घट्ट विणावी आणि खांद्याच्या शिवणीत फीत घालावी. दोन नमुने वरच्या खोलीत टांगून ठेवले आहेत. महिन्याने किती लोंबतात ते पाहून पुढे जाऊ. हे साधले तर आमचा धंदा चार महिन्यांच्या थंडीवर अवलंबून राहणार नाही, आणि विणणाऱ्या घरांस वर्षभर काम मिळेल.

तिसरा संकल्प डंबळच्या शालीचा. एलिझाबेथ झिमरमन या अमेरिकेत स्थायिक झालेल्या विणकाम-लेखिकेने १९७४ सालच्या आपल्या पुस्तकात गोल शालीची एक युक्ती सांगितली आहे: वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो, म्हणून केंद्रापासूनचे अंतर दुप्पट झाले की टाके एकदम दुप्पट करावेत, मधल्या ओळींत वाढविण्याची यातायात नको. बारा टाक्यांनी आरंभ केला तर २४, ४८, ९६, १९२, ३८४ असे आकडे येतात, आणि त्यांतील चोविसापासूनचा प्रत्येक आकडा चोविसाने भागला जातो. डंबळच्या कारागिरांचे चोवीस कोन जणू या शालीसाठीच वाट पाहत थांबले होते! अर्धी शाल सुयांवर आहे. ती बारीक लोकरीची आहे, आणि यंदा ती विणण्यास मावशींनी आपण होऊन मागून घेतली. वहीतील कोणत्याही नफ्यापेक्षा हे मागणे आम्हांस अधिक मोलाचे वाटते.

चौथा संकल्प लहान आहे. शनिवारी दुपारी वरच्या खोलीत पाच-सहा मुलींना टाके घालण्यापासून शिकवावे. मुले आली तरी दार उघडे आहे. युरोपातील जुन्या विणकर-श्रेणींत एके काळी पुरुषच असत, आणि आमच्यासारखे मिशा असलेले विणकर पाहून कुणी हसण्याचे कारण नाही.

समारोप

व्यापारी मंडळींनो, आपल्यापैकी अनेकांच्या धंद्यात कुठे ना कुठे घरी बसून काम करणारे हात आहेत: कुणाकडे पापड लाटणारे, कुणाकडे गाठी, हार, पिशव्या करणारे, कुणाकडे काज-बटण करणारे. ते काम किलोवर, डझनावर, नगावर मोजले जाते. ते माप खरे आहे की नाही, हे काट्याकडे पाहून कळत नाही. एकदा घड्याळ लावून, त्या हातांशेजारी बसूनच कळते. आम्हांस ते कळावयास एका म्हातारीने लच्छी परत करावी लागली. आपणांस तितका वेळ लागू नये, म्हणून हे लिहिले.

विणकामात एक सोय आहे, जी इतर धंद्यांत क्वचित मिळते. खाली कोठे टाका गळला असेल, तर वरून कितीही सुंदर विणले तरी तो जिना उतरावा तसा ओळीओळीने सुटत जातो. परंतु वेळीच दिसला, तर आकड्याने उचलून एकेक ओळ वर आणता येतो आणि वीण पूर्ववत होते. आमच्या वहीतील टाका पुष्कळ ओळी खाली गळला होता. तो उचलून वर आणण्यास आरंभ केला आहे.

नूतन वर्ष आपणां सर्वांस सुखाचे आणि चोख हिशेबाचे जावो. दुर्गदबैलात येणे झाले, तर भज्यांच्या गाडीवरून थोडे पुढे यावे आणि जिना चढावा. डंबळची शाल तोवर पुरी झालेली असेल.